रोडच्या कडेचं गवत : तणनाशक मारायच्या आधी हे वाचा



पुसेगाव शिवारात रोडला लागून वावर असलेले बरेच जण बांधापासून डांबरापर्यंत ग्लायफोसेट मारतात. कडा चार दिवस साफ दिसते. पण पवन्या, मारवेल हे आपलं गवत जळालं की मोकळ्या जागेवर पहिलं उगवतं ते गाजर गवत. एका झाडाला हजारो बिया. वाऱ्यानं अन् नालीच्या पाण्यानं थेट वावरात. कपाशीवरचा पिठ्या ढेकूणही ह्याच्यावर तग धरून राहतो.

गवताची मुळं भराव धरून ठेवतात, नाहीतर मोठ्या पावसात मुरूम सोयाबीनमध्ये येतो. कडेच्या कुर्डू, तरोट्याच्या फुलांवर मधमाश्या टिकतात, त्याच पुढं तुरीच्या फुलोऱ्यात कामी येतात.

मग करायचं काय? गाजर गवत फुलावर यायच्या आधी, जमीन ओली असतानाच मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते. तरोट्याच्या शेंगा वाळल्या की बी जमवा अन् मे महिन्यात रिकाम्या जागेवर फेका. तो गाजर गवताला दाबतो (कोवळी भाजी फुकट!). पवन्या, मारवेल विळ्यानं कापून चारा करा. वळणावर मात्र उंच वाढू देऊ नका, समोरची गाडी दिसली पाहिजे. कुंदा दिसला तर खणून काढाच, त्याला माफी नाही.

रोडची जागा सरकारी आहे, तिथं ट्रॅक्टर घालू नका.

गवत ओळखू येत नसेल तर फोटो ह्याच नंबरवर पाठवा.