पावसाळ्यात स्पोर्ट्स चॅनेल काय दाखवतं? सीझनल धंदा करणाऱ्यांसाठी कबड्डीचा धडा

व्हिडिओ पाहिला असेल तर उत्तमच, नसेल तर आधी हे वाचा. आज विषय आहे स्पोर्ट्स चॅनेल कसं चालतं. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे चॅनेल काढायचंय? पण तुमचं रेनकोटचं दुकान असो, मंडप डेकोरेशन असो की फराळाच्या ऑर्डर, अडचण तीच आहे. माल विकला जातो ठरावीक महिन्यांत, आणि भाडं, पगार, लाइटबिल मात्र बारा महिने.

आधी हिशोब करू

वर्षाचे तास किती? ३६५ गुणिले २४, म्हणजे ८,७६०. आयपीएलच्या मॅचेस ७४. एक मॅच साधारण चार तासांची धरली तर झाले २९६ तास. म्हणजे ज्यासाठी चॅनेलवाला हजारो कोटी मोजतो, तो माल वर्षाच्या साडेतीन टक्के वेळसुद्धा भरत नाही! उरलेल्या वेळात हायलाइट्स, जुन्या मॅचेस, मॅचच्या आधीची चर्चा, रिपीट टेलिकास्ट. यातलं बरंचसं एकदा आणलेल्या मालातूनच पुन्हा कमाई करणं आहे. उसाचा रस काढल्यावर चिपाडही जाळायला वापरतात, तसंच.

पण चिपाडावर घर चालत नाही. ताजा माल लागतोच.

स्टारने काय केलं?

६ नोव्हेंबर २०१३ ला ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्सची जुनी चॅनेल्स नव्या रूपात आली. एकाच स्टार स्पोर्ट्स नावाखाली सहा चॅनेल्स, त्यात हिंदीलाही जागा. दुकान मोठं झालं, पण मांडणी रिकामी ठेवून कसं चालेल? त्यात जून ते ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे पाऊस, देशातलं क्रिकेट जवळपास बंद.

२६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. लीग मशाल स्पोर्ट्सची, म्हणजे आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांची. दाखवणार स्टार. आठ संघ, ३१ ऑगस्टला फायनल, जयपूर विजेते. बरोबर रिकाम्या महिन्यांत!

आता बघा, यात नवीन माल काय होता? काहीच नाही. कबड्डी आपल्या रायगडात गावोगावी आहे. १९९० पासून एशियन गेम्समध्ये आहे. बदलली ती मांडणी:

- इनडोअर स्टेडियम, त्यामुळे पावसाची भीती नाही.
- एक रेड ३० सेकंदांची, घड्याळ स्क्रीनवर. नवख्या माणसालाही उत्सुकता वाटते.
- २०-२० मिनिटांचे दोन हाफ. जेवता जेवता अख्खी मॅच बघून होते.
- सगळे संघ एका शहरात काही दिवस खेळणार, मग पुढच्या शहरात. कॅमेरे आणि माणसं रोज हलवायचा खर्च वाचतो.

आणि शेवटची चाल सगळ्यात महत्त्वाची. २०१५ मध्ये स्टारने मशालमध्ये ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे भाड्याचा माल आता घरचा झाला.

हे का करावं लागतं?

कारण हक्क कायमचे नसतात. निओ स्पोर्ट्सचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये निंबस कंपनीने हे चॅनेल आणलं, भारतातल्या क्रिकेट मॅचेसच्या हक्कांच्या जोरावर. डिसेंबर २०११ मध्ये पैसे थकल्याचं कारण देऊन बीसीसीआयने करार रद्द केला. एप्रिल २०१२ मध्ये तेच हक्क स्टारने ३,८५१ कोटींना घेतले. निओकडे चॅनेल राहिलं, पण लोक ज्यासाठी ते लावायचे ते गेलं.

मोहोपाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एचओसीच्या रसायनीतल्या कारखान्याची बहुतेक युनिट्स बंद करायचा निर्णय घेतला. एकाच कंपनीच्या पगारावर ज्याचं गिऱ्हाईक उभं असतं, त्याच्यासाठी ती कंपनी म्हणजे बीसीसीआयचा करारच. पाताळगंगा एमआयडीसीत एकाच कंपनीला डबे पुरवणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा.

आता तुमचं काम

एक वही घ्या, तीन रकाने पाडा.

१. माझी "मॅच" कोणती? कोणत्या महिन्यांत, कोणत्या मालावर खरी कमाई होते?

२. रिकामे महिने कोणते? त्या महिन्यांत माझ्या जागेवर, माझ्याच माणसांकडून, आहे त्या सामानातून काय विकता येईल? मंडपवाल्याकडे खुर्च्या आहेत, टेम्पो आहे, मुलं आहेत. पावसात कंपन्यांच्या ट्रेनिंगला आणि हॉलमधल्या कार्यक्रमांना खुर्च्या लागतातच की!

३. हातातला किती धंदा दुसऱ्याच्या मर्जीवर आहे? एकाच गिऱ्हाईकाकडून निम्म्याहून जास्त पैसे येत असतील तर आजच दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागा. ते गेल्यावर नाही.

गावच्या टेनिस क्रिकेट स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवणाऱ्या पोरांसाठी दोन शब्द जास्त. एक, आयोजकाशी लेखी ठरवा: व्हिडिओ कुणाचा, जाहिरातीचे पैसे कुणाचे, पुढच्या वर्षी कोण? दोन, आयपीएलच्या क्लिप्स उचलून टाकू नका. कॉपीराइट स्ट्राइक आले की वर्षाची मेहनत एका दिवसात जाते. तुमची ताकद गावच्या मॅचमध्ये आहे. तो माल मोठ्या चॅनेलकडे नाही. आणि पावसाळ्यात तोच कॅमेरा, तोच मिक्सर, तीच टीम हॉलमधल्या कार्यक्रमांना न्या. साखरपुडा, बारसं, शाळेचा कार्यक्रम, काहीही चालेल.

तिन्ही रकाने भरून झाले की दुसरा रकाना कमेंटमध्ये टाका. तुमचे रिकामे महिने कोणते आणि त्यात काय करणार, एवढंच लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काहींचा हिशोब आपण एकत्र मांडू.