कपाटाची किल्ली कोणाकडे?

उन्हाळ्याची सुट्टी आली की शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे फर्मान निघते. अशा वर्गांना आम्हीही बसलो आहोत. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणे, मग पडद्यावर एकामागून एक चित्रे. संध्याकाळी हजेरीपटावर सही आणि हातात प्रमाणपत्र. विषय विज्ञानाचा, पण दिवसभरात एकाही शिक्षकाच्या हाताला परीक्षानळी लागत नाही! जूनमध्ये शाळा उघडते, प्रयोगसाहित्याचे कपाट मात्र बंदच राहते. काच फुटली तर भरून कोण देणार, या धाकाने किल्ली खणात पडून असते.

हे कपाट बंद राहिल्याने नुकसान कोणाचे? पैसेवाल्यांच्या मुलांना शिकवणी आहे, घरात पुस्तके आहेत. वस्तीवरच्या, तांड्यावरच्या, आश्रमशाळेतल्या मुलाला विज्ञान भेटलेच तर त्या कपाटातच भेटणार. ते उघडले नाही की विज्ञान म्हणजे घोकंपट्टी, आणि पुढची वाट दहावीलाच खुंटते. म्हणून शिक्षकाचे प्रशिक्षण हा केवळ खात्याचा कारभार नाही, तो आमच्या समाजाचा प्रश्न आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची संधी द्यावी असे म्हटले आहे. तास ठरले, पण त्या तासांत काय करायचे?

उत्तर शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ ग्रामीण शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचे काम सुरू झाले. १९७८ साली ते जिल्हाभर पसरले. तेथे सुट्टीतील प्रशिक्षणात शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करीत, चुकत, वाद घालीत. पुढे वर्षभर दर महिन्याला एकत्र बसून वर्गातल्या अडचणी मांडीत. २००२ साली सरकारने हा कार्यक्रम बंद केला. पण प्रशिक्षण कसे असावे याचा धडा त्याने घालून दिला.

दुसरा धडा मुंबईचा. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवून दिले की, पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांना विज्ञान अधिक समजते. म्हणजे अडथळा मुलाच्या बुद्धीत नव्हता, पुस्तकाच्या भाषेत होता! ज्या मुलाची आई रोज धान्य पाखडते, पाणी गाळते, गढूळ पाणी निवळू देते, त्याला ‘मिश्रणाचे विलगीकरण’ अवघड का जावे? शिक्षकाने घरातल्या शब्दापासून सुरुवात करून पुस्तकातल्या शब्दापर्यंत जावे, हेही शिकवावे लागते.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. कार्यशाळा आखण्यापूर्वी शिक्षकांना विचारा, कोणता पाठ अडतो? एका दिवसात दहा पाठ उरकू नका. दोनच घ्या, पण प्रत्येकाच्या हाताने प्रयोग होऊ द्या. साहित्य गावात मिळणारे ठेवा. फुटतुटीसाठी थोडी रक्कम आधीच मंजूर करा, म्हणजे धाक जाईल. आणि महिन्याभराने पुन्हा भेटून विचारा, वर्गात काय घडले?

एक गोष्ट मात्र कोणत्याही वेळापत्रकात नसते. प्रयोगाच्या गटात चंचुपात्र कोणाच्या हाती आणि दुरून पाहणारे कोण? शाळेत शिपाई नसला की बाल भीमरावाला तहानलेले राहावे लागे; नळाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. त्या देशात पाण्याचा प्रयोग शिकविताना शिक्षकाची नजर या बाबतीत जागी हवी. रक्तगटाचा पाठ शिकविताना कोणताही गट कोणत्याही जातीत सापडतो, हे सांगायला त्याची जीभ अडखळू नये. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१ क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. शिक्षकाचे ते आधी आहे.

वाचकहो, शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या खुर्च्या शोभेसाठी नाहीत. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा : गुरुजी, यंदा कपाट किती वेळा उघडले? उत्तर मिळेपर्यंत उठू नका!