कागद कोणी वाचला?

बेळगावात वकिली करताना एक गोष्ट नेहमी पाहायला मिळते. गाव कर्नाटकात, जमीन महाराष्ट्रात. आमच्याकडच्या कित्येक घरांचं मूळ चंदगड तालुक्यात आहे. नोकरीधंद्यासाठी आजोबा इकडे आले, पण भातशेती आणि काजूची झाडं तिकडेच राहिली. त्यामुळे माझ्या ऑफिसात कानडी पहाणीपत्रक आणि मराठी सातबारा एकाच टेबलावर येतात.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. (तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिच्या वडिलांनी 1997 साली घरातल्या आजारपणासाठी गावातल्या एका सावकाराकडून पैसे घेतले होते आणि दीड एकराचा कागद करून दिला होता. जमीन आजही तिचा भाऊच कसतो. आता सावकाराच्या मुलांची नोटीस आली होती : जमीन आमची आहे, पंधरा दिवसांत ताबा सोडा.

माझा भाचा तेव्हा नुकताच सनद घेऊन माझ्याकडे ज्युनियर म्हणून बसायला लागला होता. हुशार आणि कामाला चपळ. मी कोर्टात होते. संध्याकाळी परत आले तेव्हा त्याने सगळं तयार ठेवलं होतं. मोबाइलवर कागदांचे फोटो काढून त्याने ते एका फुकटच्या एआय अॅपला दिले होते. इंग्रजीत नीटनेटका सारांश, खाली तीन निवाड्यांचे दाखले आणि शेवटी निष्कर्ष : 1997 मध्ये जमिनीची नोंदणीकृत विक्री झालेली आहे, पक्षकाराची बाजू कमजोर आहे, तडजोड करणं श्रेयस्कर.

खरं सांगते, मी तो सारांश वाचला आणि मान डोलावली. दिवसभराचा शीण होता, दुसऱ्या दिवशी दोन उलटतपासण्या होत्या. मावशीला म्हटलं, “मावशी, कागद तर विक्रीचा दिसतोय.”

ती म्हणाली, “वकीलबाई, आमचे आबा मरेपर्यंत सांगत होते, जमीन विकलेली नाही, ठेवलेली आहे म्हणून.”

“ठेवलेली” या शब्दाने मी थबकले. चष्मा लावला आणि मूळ कागद हातात घेतला.

तिसऱ्या पानावरची अट

पहिल्या पानावर ठळक अक्षरांत “खरेदीखत” असंच लिहिलं होतं. पण तिसऱ्या पानाच्या तळाशी, साक्षीदारांच्या सह्यांच्या वर, टाइप केलेल्या दोन ओळी होत्या. रक्कम पाच वर्षांच्या मुदतीत परत केल्यास मिळकत परत फिरवून द्यावी, असा त्यांचा मतलब. तो फोटो अंधुक आला होता आणि सारांशात त्या ओळींचा मागमूस नव्हता.

खेड्यापाड्यांत याला मुदतखरेदी म्हणतात. दिसायला विक्री, पण पोटात गहाण असू शकतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 58 मध्ये सशर्त विक्रीच्या रूपातल्या गहाणाची व्याख्या आहे. 1929 च्या दुरुस्तीनंतर तर परतीची अट त्याच कागदात असावी लागते, वेगळ्या कागदावर लिहिलेली असेल तर तो व्यवहार गहाण धरला जात नाही. इथे अट त्याच कागदात होती. अट आहे म्हणजे गहाणच, असंही नाही. कोर्ट व्यवहारामागचा हेतू पाहतं. किंमत बाजारभावापेक्षा फार कमी होती का, ताबा कोणाकडे राहिला, पट्टी कोण भरत होतं, हे सगळं तपासलं जातं. मावशीच्या बाबतीत ताबा कधीच गेलेला नव्हता.

आणि हे गहाण ठरलं, तर ते सोडवून घेण्याचा दावा लावायला मुदत कायद्यानुसार सोडवण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून 30 वर्षं मिळतात. म्हणजे पाच वर्षांची मुदत 2002 मध्ये संपली असली तरी मावशीचा हक्क आज जिवंत आहे. मी तिला त्या संध्याकाळी “तडजोड करा” म्हणून घरी पाठवलं असतं, तर जमीन सावकाराच्या कागदामुळे गेली नसती, माझ्या न वाचण्यामुळे गेली असती.

न्यूयॉर्कचा वकील आणि मी

मग मी भाच्याला शेजारी बसवून ते तीन दाखले शोधायला घेतले. पहिला खरा होता. दुसरा निवाडा अस्तित्वात होता, पण तो भाडेकरूच्या वादाचा होता, त्यात गहाणाचा शब्दही नाही. तिसरा कुठेच सापडला नाही. नाव अस्सल वाटावं असं, वर्ष आणि पान क्रमांकासकट. पण असा निवाडा कोणी दिलेलाच नाही.

भाच्याचा चेहरा पडला. मी त्याला 2023 ची न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. एव्हियान्का या विमान कंपनीवर एका प्रवाशाने दावा केला होता. विमानात खाणंपिणं वाटायची धातूची गाडी गुडघ्याला लागली, अशी तक्रार. त्याच्या वकिलाने चॅटजीपीटीकडून निवाडे काढून कोर्टात दिले. त्यातले सहा निवाडे काल्पनिक निघाले. त्या वकिलाने त्याच यंत्राला “हे खरे आहेत ना?” असं विचारलंही होतं आणि यंत्राने “हो” म्हटलं होतं. न्यायाधीश केविन कॅस्टेल यांनी 5,000 डॉलर दंड केला. पण विश्वासार्ह एआयची मदत घेण्यात मुळात काही गैर नाही, असंही त्यांनी आदेशात लिहिलं. चूक होती न तपासण्याची, आणि शंका आल्यावरही त्या बनावट निवाड्यांना चिकटून राहण्याची. त्या वकिलाचा अनुभव तीस वर्षांहून अधिक होता. माझा सत्तावीस. म्हणून भाच्याला रागावण्याचा मला फारसा अधिकार नव्हता.

आपल्याकडेही हे घडतं आहे. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठाला डिसेंबर 2024 मधला एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात उल्लेखलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्येच सांगितलं होतं की चॅटजीपीटीचं उत्तर हा न्यायनिर्णयाचा आधार होऊ शकत नाही. जुलै 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं आणि निष्कर्ष, आदेश किंवा निकाल ठरवण्यासाठी एआय वापरायला मनाई केली.

असं का होतं, हे समजून घेतलं तर भीती कमी होते आणि सावधपणा वाढतो. ही यंत्रं अफाट मजकूर वाचून शिकलेली असतात आणि एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, यावरून वाक्य रचत जातात. निवाड्याचं नाव कसं दिसतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून निवाडा नसला तरी नाव तयार होतं. यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो, पण कोर्टासमोर त्याचा परिणाम खोट्यासारखाच होतो.

तपासणं आता अवघडही राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे 2023 पासून ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातले अनेक मराठीतही आहेत आणि त्या अनुवादाच्या कामात एआयची मदत घेतली जाते. पण त्या अनुवादाखाली टीप असते : हा अनुवाद पक्षकाराला समजण्यापुरता आहे, अधिकृत मजकूर इंग्रजीच. खुद्द सर्वोच्च न्यायालय इतकं जपून वापरतं, तर आपण किती जपावं!

पिशवीतलं गुपित

तिसरी चूक सर्वांत उशिरा माझ्या लक्षात आली. मावशीच्या घरच्यांची नावं, गट नंबर, आबांचा अंगठा, कर्जाचं कारण, हे सगळं फोटोंबरोबर कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर गेलं होतं. अशी फुकटची अॅप आपण दिलेला मजकूर पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरू शकतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 नुसार अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही, आणि काम संपल्यावरही हे बंधन सुटत नाही. पिशवी उघडताना मावशीने मला विश्वास दिला होता, अॅपला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सांगितलं आणि माफी मागितली. तिला सर्व्हर वगैरे फारसं कळलं नाही. एवढंच म्हणाली, “म्हणजे आमचा कागद परक्याला दाखवलात.” याहून नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही.

आता आम्ही कसं काम करतो

मी ऑफिसात एआय बंद केलेलं नाही. चारशे पानांच्या फाइलमधून घटनांची तारीखवार यादी करायला ते उपयोगी पडतं. यादीतली प्रत्येक तारीख आम्ही मूळ पानाशी ताडून घेतो. उलटतपासणीच्या आदल्या रात्री मी नावं काढून टाकून प्रकरण मांडते आणि विचारते, “समोरच्या वकिलाच्या जागी असतास तर माझ्या युक्तिवादात भोक कुठे पाडलं असतंस?” दहापैकी दोन मुद्दे तरी कामाचे निघतात. अशिलाला पाठवायचं पत्र सोप्या भाषेत करायलाही मदत होते.

पण काही नियम भिंतीवर लावले आहेत. मूळ कागद आधी माणसाने पूर्ण वाचायचा, शेवटच्या पानापर्यंत. अशिलाचं नाव, गट नंबर, आधार, आजार, काहीही उघड्या अॅपमध्ये टाकायचं नाही. निवाडा मूळ ठिकाणी उघडून, वाचून आणि तो अजून लागू आहे की पुढे फिरवला गेला हे पाहूनच दाखला द्यायचा. एआय कुठे वापरलं हे अशिलाने किंवा कोर्टाने विचारलं तर लपवायचं नाही. आणि यंत्राने तासाभराचं काम पाच मिनिटांत केलं असेल, तर तासाभराची फी लावायची नाही.

हे मासिक वाचणाऱ्या तरुण मंडळींनाही एक सांगायचं आहे. तुमच्यातले बरेच जण पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात आहेत. घरी नोटीस आली की आई-बाबा ती व्हॉट्सअॅपवर तुम्हाला पाठवतात आणि तुम्ही ती एआयला देता. नोटिशीतले शब्द समजून घ्यायला, वकिलाला विचारायच्या प्रश्नांची यादी करायला जरूर वापरा. नावं आणि नंबर झाकून. पण त्याने लिहिलेलं उत्तर परस्पर पाठवू नका. त्यात तुम्ही नकळत काय कबूल करून बसाल, ते पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध वाचलं जाईल. आणि आजीआजोबा कागदाबद्दल काही सांगत असतील, तर ते आधी लिहून ठेवा. ती माहिती कुठल्याही यंत्रात सापडणार नाही.

मावशीचा दावा दाखल झाला आहे. निकाल काय लागेल ते कोर्ट ठरवेल. दाव्याचा मसुदा भाच्यानेच तयार केला, मूळ कागद पुढ्यात ठेवून. सहीसाठी माझ्यापुढे आणला तेव्हा मी विचारलं, “तिसरं पान?”

“दोनदा वाचलं, आत्या,” तो म्हणाला.

मग मीही एकदा वाचलं, आणि सही केली.