पेंच राष्ट्रीय उद्यान
पेंच राष्ट्रीय उद्यान : महाराष्ट्र राज्याच्या नागपूर जिल्ह्यातील राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ २५७.२६ चौ. किमी. नागपूर शहराच्या उत्तरेस सु. ७० किमी. अंतरावर, सातपुडा पर्वताच्या दक्षिण पायथ्याच्या टेकड्यांत ते वसले आहे. उद्यानाची स्थापना १९७५ मध्ये झाली. पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान या नावानेही ते ओळखले जाते. राज्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील सिवनी व छिंदवाडा जिल्ह्यांत पेंच नावाचेच दुसरे राष्ट्रीय उद्यान (१९८३) आहे. कारभार निराळा असला, तरी जंगल एकच आहे. व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मध्य प्रदेशातील भागास १९९२ मध्ये, तर महाराष्ट्रातील भागास १९९९ मध्ये मिळाला. पुढे लगतचे मानसिंगदेव अभयारण्यही महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट करण्यात आले.

छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावणारी पेंच नदी या वनातून दक्षिणेकडे वाहत जाऊन कन्हान नदीस मिळते. पूर्वी उन्हाळ्यात तिचा प्रवाह खंडित होई आणि पात्रात ठिकठिकाणी खोल डोह तेवढे शिल्लक राहत. वन्य प्राण्यांचा उन्हाळा या डोहांवरच निभावत असे. तोतलाडोह या स्थलनामातही ‘डोह’ हा शब्द टिकून आहे.

वन शुष्क पानझडी प्रकारचे असून त्यात साग प्रमुख आहे. त्याच्या जोडीने ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, सालई हे वृक्ष व बांबू आढळतात. ओढ्यांच्या काठी अर्जुनाचे जुने वृक्ष आहेत. वाघ, बिबळ्या, रानकुत्रा, अस्वल, गवा, सांबर, चितळ, नीलगाय, चौसिंगा, भेकर व रानडुक्कर हे येथील प्रमुख सस्तन प्राणी होत. हिवाळ्यात जलाशयावर स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. या प्रदेशातील वन्य जीवनाचे वर्णन एकोणिसाव्या शतकात फॉर्सिथ (१८७१) व स्टर्नडेल (१८७७) यांनी केले होते. रडयर्ड किप्लिंग याने द जंगल बुक (१८९४) या पुस्तकातील मोगलीच्या कथा सिवनीच्या डोंगरांत घडविल्या; मात्र हा मुलूख त्याने स्वतः पाहिलेला नव्हता.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य यांत भेद केलेला आहे. अभयारण्यात स्थानिक लोकांचे काही हक्क जिल्हाधिकाऱ्यास चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात ते संपुष्टात आणावे लागतात व तेथे गुराढोरांच्या चराईस मनाई असते. हा नियम कागदावर सोपा वाटतो. पेंचच्या खोऱ्यात त्याची अंमलबजावणी कठीण ठरली. याचे कारण असे की, या खोऱ्यातील पाण्याची वाटणी उद्यानाच्या आधीच झालेली होती. महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात त्याविषयी १९६४ मध्ये करार झाला आणि त्यानुसार तोतलाडोह येथे बांधलेले धरण १९८९ मध्ये पूर्ण झाले. येथील १६० मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत् केंद्रातील वीज दोन्ही राज्यांत २ : १ या प्रमाणात वाटली जाते, मोठा वाटा मध्य प्रदेशाचा आहे. नदीच्या खालच्या भागात नवेगाव खैरी येथे अडविलेले पाणी शेतीस, नागपूर शहरास आणि कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांस पुरविले जाते.

जलाशयाखाली नदीकाठचे उत्तम वन बुडाले. बुडालेल्या क्षेत्राचा बराच मोठा भाग मध्य प्रदेशात आहे. मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरले की, काठावर उघड्या पडणाऱ्या ओलसर जमिनीवर गवत माजते आणि चितळ व गवे यांचे कळप तेथे चरण्यास येतात. पेंचमधील चितळांच्या विपुलतेत या गवताचाही वाटा आहे. अशा जलाशयांचा परिणाम सर्वत्र सारखा होत नाही. थायलंडमधील खाओ सोक राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात १९८७ मध्ये पूर्ण झालेल्या धरणामुळे डोंगरमाथ्यांची बेटे बनली आणि त्यांवरील मूळचे लहान सस्तन प्राणी पंचवीस वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले.

जलाशयातील मासे हा दीर्घ काळ वादाचा विषय झाला. मध्य प्रदेशाने धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले. राष्ट्रीय उद्यानात ही मुभा देता येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. परंतु छायाचित्रासहित ओळखपत्र, ठरावीक मार्गानेच ये-जा, काठावर विस्तव पेटविण्यास मनाई अशा अटी घातल्या. उद्यानाची अंतिम अधिसूचना तोपर्यंत निघालेली नव्हती, ही बाबही या प्रकरणात महत्त्वाची ठरली. हक्कांचा निवाडा लांबला म्हणजे वन व वनवासी या दोहोंचेही नुकसान होते, हे त्यावरून दिसून आले. चोरट्या मासेमारीची तक्रार नंतरही दोन्ही राज्यांत चालू राहिली.

वाघाच्या दृष्टीने हे उद्यान स्वयंपूर्ण नाही. एका नर वाघास मोठे क्षेत्र लागते आणि वयात आलेले वाघ नव्या क्षेत्राच्या शोधात दूरवर जातात. पेंच व कान्हा येथील वाघांत आनुवंशिक देवाणघेवाण होत असल्याचे आढळले आहे. नागझिऱ्याकडेही वनाचे पट्टे जातात. हे पट्टे नागपूर–जबलपूर महामार्ग (पूर्वीचा क्र. ७, नंतरचा क्र. ४४) छेदून जातो. त्याच्या रुंदीकरणाचा वाद अनेक वर्षे न्यायालयात होता. अखेर महाराष्ट्रातील टप्प्यात प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे यासाठी ५० ते ७५० मी. लांबीचे नऊ मार्ग बांधण्यात आले. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे स्वयंचलित कॅमेरे लावले असता वन्य प्राण्यांच्या १८ जातींची नोंद झाली व त्यांत वाघ ८९ वेळा आढळला. चितळासारखे प्राणी हे मार्ग सरावाने वापरू लागले आहेत. मात्र मार्गाच्या दोन्ही तोंडांशी वन शिल्लक राहिले, तरच त्याचा उपयोग होतो.

पाण्याचा ताण मात्र वाढत आहे. नदीच्या वरच्या भागात मध्य प्रदेशाने चौरई येथे धरण बांधल्यानंतर तोतलाडोहात येणारे पाणी घटले. २०१९ मध्ये तेथील साठा मृत पातळीस पोहोचला व त्या वर्षी जुलैमध्ये नागपूर शहरास दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली.

उद्यानात सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली, कोलितमारा इ. प्रवेशद्वारांनी जाता येते. जानेवारी २०२४ मध्ये येथील परिसरास कृत्रिम प्रकाशापासून मुक्त अशा ‘अंधारे आकाश उद्याना’ची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतात हा मान प्रथमच मिळाला. पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर या काळात, उद्यानाचा गाभ्याचा भाग पर्यटकांसाठी बंद असतो.