पोळा मागेपुढे का होतो?

मंडळी, २०२२ साली पोळा २६ ऑगस्टला आला, २०२३ साली मात्र १४ सप्टेंबरला. असे का बरे? श्रावणी अमावास्या चंद्रावर चालते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल ११ दिवसांची तूट! ती भरायला सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता. चिनी लोकही आपले सण असेच ऋतूशी जुळवतात. नाहीतर पोळा सरकत सरकत ऐन पेरणीत आला असता!

जालन्याकडे कोळपणी उरकली, की खांदेमळणी करून बैलांना आवतण देतात. आता पुष्कळ घरी ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला; पूजा मातीच्या बैलांची होते. गुरुजी, मुलांकडून दोन वर्षांची पंचांगे ताडून घ्या. आणि बैल का पुजायचा, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगा.