वायर ओढू नका

केसपेपरवर लिहिलेलं असतं, 'लघवीला जळजळ, दोन दिवस'. शेजारी बायको किंवा भाऊ उभा. मूत्ररोग विभागात काही वर्षं काढली की डॉक्टर आधी नातेवाइकांना बाहेर बसवतो, दार लावतो आणि मग विचारतो, "आत काही घातलं होतं का तुम्ही?" लगेच उत्तर येत नाही. आलंच तर 'खाज सुटली होती म्हणून' असं काहीतरी. कारणं ठरलेली आहेत : लैंगिक सुखाचा प्रयोग, कुतूहल, दारू, क्वचित मानसिक आजार. कुणी जबरदस्ती केली का, एवढं मात्र विचारावंच लागतं. बाकी मला हवं असतं ते साधं आहे : वस्तू कोणती, किती लांब, टोकदार की बोथट, कधी गेली.

पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटीमीटर लांब, आणि सरळ नाही. अंडकोशामागे तो वळण घेतो, प्रोस्टेटमधून वर चढतो आणि लघवीच्या पिशवीत उघडतो. त्यामुळे रिफिल किंवा सेफ्टी पिन वळणापाशी अडकते. वायर मात्र वळणं पार करते, पिशवीत पोचते आणि तिथल्या मोकळ्या जागेत वेटोळी घालू लागते. घाबरलेला माणूस बाहेरचं टोक जोरात ओढतो आणि आत गाठ बसते.

असाच एक तरुण आला. टोक बाहेर दिसत होतं, रक्त येत होतं, लघवी तुंबलेली. एक्स-रेमध्ये तारेचा गुंता स्वच्छ दिसला. नुसतं प्लास्टिक असतं तर एक्स-रेने चकवलं असतं, सोनोग्राफी लागली असती. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली. साधारण ७ मिलिमीटर जाडीची दुर्बीण, सलाईनची धार आणि समोर पडदा. लालसर सुजलेलं अस्तर, पांढरे तरंगते कण, मग पिशवीच्या तोंडाशी दाटून बसलेली गाठ. अशा वेळी बाहेर ओढण्याऐवजी उलटं करावं लागतं : गाठ आत, पिशवीत ढकलायची. तिथे जागा असते. चिमट्याने एकेक वेढा सैल करत मोकळं टोक शोधायचं. बराच वेळ प्रयत्न केला, गाठ सुटेना. अशा वेळी हट्ट धरणारा सर्जन मला आवडत नाही. मूत्रमार्ग एकदा फाटला की त्याचे भोग रोगी आयुष्यभर भोगतो. ओटीपोटावर छोटा छेद घेतला, वायर वरून काढली, पिशवी शिवली, नळी ठेवली.

थिएटरमध्ये अशा वेळी हशा होतो. मी रेसिडेंटना क्लॉड मार्टिनची गोष्ट सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीतल्या या फ्रेंच अधिकाऱ्याने १७८२ मध्ये लखनऊला स्वतःच्या मूत्रमार्गातून बारीक कानस आत घालून आपला मुतखडा रोज थोडाथोडा घासून काढला. त्याचं नाव आमच्या शास्त्राच्या इतिहासात कौतुकाने घेतात. मग या मुलालाच का हसायचं? हशापेक्षाही मला संताप येतो तो एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवण्याचा. रोग्याचं गुपित राखायचं, हे २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे.

वस्तू निघाली म्हणजे सुटलो असं नाही. जखम भरताना मूत्रमार्ग आकसतो, काही महिन्यांनी धार बारीक होते. म्हणून तपासणीला परत यायला सांगतो. बरेच येत नाहीत. लाजेने वस्तू तशीच आत ठेवणारेही असतात. महिन्यांनी तिच्यावर मुतखड्याचे थर चढलेले असतात आणि आधी लेझरने दगड फोडावा लागतो.

तेव्हा असं काही झालंच, तर ओढू नका, दुसरी वस्तू घालून काढायचा प्रयत्न करू नका. रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. लघवी तुंबली असेल तर सकाळची वाट पाहू नका. केसपेपर काढताना कारण सांगायची गरज नाही. 'डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय' म्हणा, आणि आत गेल्यावर मात्र खरं सांगा.