शास्त्र आणि विज्ञान

शास्त्र म्हणजे एखाद्या विषयाचे नियमबद्ध व शिकविण्याजोगे ज्ञान. हा शब्द संस्कृतमधील ‘शास्’ (शिकविणे, आज्ञा करणे) या धातूपासून आला आहे. मराठीत तो ‘विज्ञान’ या अर्थीही सर्रास वापरला जात असल्याने रसायनशास्त्र, पाकशास्त्र आणि धर्मशास्त्र ही नावे एकाच जातीची वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील विधाने पारखण्याच्या रीती भिन्न आहेत.

पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’तील सुमारे ४००० सूत्रे भाषेच्या सूक्ष्म निरीक्षणावर उभी आहेत. तरीही इंग्रजी ‘सायन्स’च्या आजच्या रूढ अर्थात व्याकरण सहसा बसत नाही. जर्मन ‘विसेनशाफ्ट’मध्ये मात्र इतिहास व भाषाभ्यासही येतात. इंग्रजीतील हा अर्थसंकोच फारसा जुना नाही; ‘सायंटिस्ट’ हा शब्दच विल्यम ह्यूएल यांनी १८३०च्या दशकात घडविला.

ज्योतिषाचे उदाहरण

शब्दाच्या या व्यापकतेमुळे सर्वाधिक घोटाळा ज्योतिषाबाबत होतो. परंपरेने ज्योतिषाचे सिद्धांत, संहिता व होरा असे तीन स्कंध मानले. पहिल्यात ग्रहगणित येते, तर तिसऱ्यात जातकाचे भविष्य. वराहमिहिराने दोन्हींवर ग्रंथ लिहिले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथाचा मुख्य विषय मात्र खगोलगणिताचा इतिहास हा आहे.

गणितस्कंधाला कसोटी होती व ती परंपरेतच होती. गणिताने काढलेली ग्रहस्थिती आकाशात तशीच दिसली पाहिजे, यास दृक्प्रत्यय म्हणतात. जुन्या ग्रंथांवरून केलेले गणित आकाशाशी जुळेनासे झाले, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर व लोकमान्य टिळक यांनी पंचांगशोधनाचा पुरस्कार केला.

फलज्योतिषाला अशी कसोटी महाराष्ट्रात लावून पाहिली गेली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले अशा दोन गटांतील २०० जणांच्या कुंडल्या जमविल्या. प्रत्येक ज्योतिष्याने ४० कुंडल्या पाहून त्या कोणत्या गटातील ते सांगावयाचे होते. उत्तरे पाठविणाऱ्या २७ जणांची सरासरी २०पेक्षाही कमी भरली, म्हणजे नाणेफेकीहून सरस नव्हे. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याआधी, २००१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञान’ या नावाने विद्यापीठीय अभ्यासक्रमांना मान्यता देऊ केली होती. त्याविरुद्ध पुष्प भार्गव प्रभृतींनी केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळले. अभ्यासक्रम ठरविणे हे तज्ज्ञांचे क्षेत्र असून न्यायालयाने त्यात सहसा हस्तक्षेप करू नये, अशी भूमिका त्या निर्णयात होती.